मानेखाली मी

“हनुवटी वर घे. एवढी नको, छताला काय सोनं लागलंय? हां. आणि चेहऱ्याची काळजी करू नको बाळ, तुझ्या तोंडाशी मला काही करायचं नाही. मला फक्त मान आणि खांदे पाहिजेत.”

एवढं बोलून झेंडे फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून दिसेनासे झाले. मी स्टुलावर ताठ बसलो. अंगात दादाचा निळ्या चौकटीचा शर्ट होता. आईने तो धुऊन इस्त्री करून दिला होता, तरी कॉलरला त्याच्या तेलाचा वास येत होता. दादाला जाऊन एकोणीस दिवस झाले होते. तो अठराचा, मी सोळाचा, आणि खांदे दोघांचे एकाच मापाचे. जिवंतपणी हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असतं तरी त्याने मला शर्ट घालू दिला नसता.

अडचण अशी होती की दादाचा एकट्याचा फोटोच घरात नव्हता. एक बारशाचा होता, त्यात काजळ आणि दुपटं एवढंच दिसे. दुसरा बारावीच्या वर्गाचा, डिसेंबरात काढलेला. तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा दादा. अडुसष्ट मुलांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि नेमके त्याच वेळी दादाने डोळे मिटले. अण्णा, आमचे वडील, तेव्हा म्हणाले होते, “बावळट आहे. भांड्यांच्या दुकानात बसवला की उघडतील डोळे.”

आता महिन्याच्या श्राद्धाला पाहुणे येणार होते आणि भिंतीवर लावायला काही तरी हवं होतं.

झेंड्यांची पद्धत सगळ्या गावाला ठाऊक होती. कुणी गेलं आणि धड फोटो नसला, की लोक लग्नातला, जत्रेतला, असेल तो घोळक्यातला फोटो घेऊन त्यांच्याकडे यायचे. झेंडे त्यातलं तोंड तेवढं मोठं करायचे, कापायचे, एका कोटवाल्या धडावर चिकटवायचे आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचे. धड कायमचं एकच होतं. मिरजेच्या कुणा वकिलाचं, असं म्हणत. त्यामुळे आमच्या गावातली निम्मी मयत मंडळी भिंतीभिंतींवर एकाच कोटात आहेत. हयातभर ज्यांनी बंडीवर शर्ट चढवला नाही, ते मेल्यावर टाय लावून बसलेत. बायकांसाठी वेगळं धड होतं, मोराच्या पदराचं.

आईने कोट नाकारला. “माझ्या पोरानं कधी कोट घातला नाही. त्याला त्याच्या शर्टातच बसवा.”

“वहिनी, शर्टात बसवायला अंग कुठनं आणू?” असं म्हणून झेंड्यांनी शिंपी बघतो तसं माझ्याकडे बघितलं. “हा धाकटा का?”

अशा रीतीने मी धड झालो.

फोटो काढून होईपर्यंत आई बाकावर बसून झेंड्यांना दादाचा चेहरा समजावून सांगत होती. “मिशी नव्हती. लव होती कोवळी. तीपण सोमवारी ह्यांच्या रेझरनं काढली न् हनुवटीला कापून घेतलं. मी तुरटी फिरवली. गुरुवारी गेला.”

“ते सगळं पुसून टाकू आपण,” झेंडे म्हणाले. “आमच्या फोटोत कुणाला जखम नसते.”

आईने मान हलवली आणि मग तो प्रश्न विचारला. एकोणीस दिवस ती तो प्रश्न येईल त्याला विचारत होती. शेजाऱ्यांना, मामाला, पोस्टमनला, पिंडदान करणाऱ्या गुरुजींना.

“इथंच, तुमच्या दुकानापासून चाळीस पावलांवर झालं ते. आमचं घर पेठेत, कॉलेज वरच्या अंगाला. भर दुपारी सायकल घेऊन तो तिकडं कशाला गेला होता?”

“वहिनी, रस्ता आहे. लोक जातात.”

“दिगू उगाच जाणाऱ्यातला नव्हता.”

हे मात्र खरं होतं. दुकानासमोरच्या स्टेशन रोडला साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि मागच्या ट्रॉलीला स्वतःचं वेगळं मत. दादा पहिली ट्रॉली चुकवून वळला. दुसरी त्याने धरली नव्हती. लोक म्हणाले, नशीब. पोलिसांनी लिहिलं, सायकलस्वाराचा अंदाज चुकला. आईला मात्र एवढंच कळायला हवं होतं, की तो कुठे निघाला होता.

मला ते माहीत होतं. मी हनुवटी वर करून बसलो होतो.

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा बाजूला झाला आणि नलिनी बाहेर आली. झेंड्यांची मुलगी. माझ्यापेक्षा वर्षाने मोठी, वेणी पुढे टाकलेली, बोटांच्या टोकांना पेन्सिलीचं शिसं. तिच्या हातात वर्गाचा फोटो होता. तिने त्यातल्या तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

मी मान हलवली. अगदी थोडी. नाही.

“हलू नको रे,” कापडाच्या आतून झेंडे म्हणाले.

नलिनीने तोंड मिटलं. “भाऊ,” ती वडिलांना म्हणाली, “डोळे मिटलेत याचे. मला जरा दिवस लागतील.”

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी दुकानात गेलो. झेंडे एका लग्नाला गेले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना आता बारीक काम दिसत नसे. तोंडं कापायची, जोडायची, डाग पुसायचे ही सगळी कामं नलिनीच करी, आणि कौतुक झेंडे घेत. ती आतल्या उतरत्या मेजापाशी बसली होती. मेजात काच, काचेखाली आरसा, आरशात खिडकीचा उजेड, आणि काचेवर कुणा नवरदेवाची निगेटिव्ह. ती त्याच्या गालावरचे देवीचे व्रण पेन्सिलीने भरत होती.

“अहो,” मी म्हणालो.

“अहो काय? मी काय तुझी मामी आहे?” तिने वर पाहिलं नाही. “काल मान कशाला हलवलीस?”

तिने नवरदेव बाजूला ठेवला, एका बिस्किटांच्या डब्यातून पाकीट काढलं आणि त्यातली निगेटिव्ह काचेवर ठेवली. डब्यावर खडूने लिहिलं होतं, ‘न नेलेले’.

“त्या सोमवारी भाऊ नव्हते. हा फोटो मीच काढला. डी. आर. वाळवेकर. तीन पासपोर्ट, बुधवारपर्यंत पाहिजेत म्हणाला. काल तुझ्या आईनं नाव सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं, की कोपऱ्यावर गेला तो हाच.”

मी वाकून पाहिलं. काचेवर दादा होता. तोंड काळं, डोळ्यांच्या जागी उजेड, आणि केस पांढरेशुभ्र.

“मला माणसं आधी अशीच दिसतात,” नलिनी म्हणाली. “पोरं म्हातारी, म्हातारी पोरं. तुझ्या भावाला म्हातारपणी बघितलेली मी एकटीच.”

मी बाकावर बसलो. तिने पाणी दिलं. मग मी सगळं सांगितलं. वीस दिवस जे लपवलं होतं ते इतकं थोडं असेल असं मला वाटलं नव्हतं. पाच मिनिटांत संपलं.

दादाला नौदलात जायचं होतं. समुद्र त्याने नकाशात पाहिला होता आणि आमच्या गावातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नगरपालिकेची टाकी, त्यामुळे ओढ जबर होती. अण्णांना हे कळलं असतं तर त्यांनी त्याला दुकानातल्या पातेल्याखाली झाकून ठेवला असता. म्हणून फॉर्म चोरून आणलेला, चोरून भरलेला. फक्त फोटो राहिले होते. फोटो काढला आणि पावती माझ्याकडे दिली, कारण त्याची प्रॅक्टिकलं चालू होती. “जा, घेऊन ये. शुक्रवारी पोस्टात पडलं पाहिजे,” एवढंच काम.

मी बुधवारी तीनदा गेलो.

पहिल्यांदा दुकानाच्या काचेतून नलिनी दिसली आणि मी सरळ पुढे स्टेशनापर्यंत चालत गेलो. तिथे मालगाडी बघितली आणि परत आलो. दुसऱ्यांदा आत शिरलो. तिने वर पाहिलं. मी विचारलं, “इथं स्टोव्हच्या पिना मिळतात का?” ती म्हणाली, “नाही.” मी म्हणालो, “बरं.” तिसऱ्यांदा जिभेवर वाक्य घोळवत गेलो. ती काउंटरवरच होती. तिने मला पाहिलं, हसू ओठांत दाबलं आणि विचारलं, “पावती?” मी म्हणालो, “नाही.” पावती माझ्या शर्टाच्या खिशात होती.

हे असं का झालं ते समजावून सांगणं अवघड आहे. मी त्या मुलीला आठ महिने काचेबाहेरून बघत होतो, आणि तिने एकदम माझ्याकडे काही तरी मागितलं.

संध्याकाळी दादाने विचारलं, “आणलेस?” मी म्हणालो, “दुकान बंद होतं.” गुरुवारी सकाळी त्याने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “बघून आलो. बंदच आहे.” तो म्हणाला, “असं कसं बंद असेल? तू बस. दुपारी मीच बघून येतो.”

“पावती कुठाय?” नलिनीने विचारलं.

मी कंपासपेटी उघडली. घडी घातलेली पिवळी पावती कोनमापकाखाली होती.

तिने ती उलगडून पाहिली. मग म्हणाली, “तिसऱ्या वेळेला दिसत होती मला. खिशातनं वर आली होती. पिवळी.”

“मग दिले का नाहीस फोटो?”

“मला वाटलं, चौथ्यांदा येशील.” तिने पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर घासलं. “म्हणून हसले. म्हणून दिले नाहीत. मुद्दाम विचारलं मी, पावती म्हणून.”

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. काचेवरचा म्हातारा दादा थरथरला आणि पुन्हा स्थिर झाला.

“हा फोटो देऊ तुझ्या आईला?” तिने विचारलं. “कापायला नको, चिकटवायला नको. आख्खा आहे. डोळे उघडे आहेत.”

“आई विचारेल कधी काढला. कशाला काढला. पावती कुणाकडे होती.”

“विचारेल की.”

“नको.”

“सांगून टाक रे. मी येते हवं तर बरोबर.”

“नको,” मी म्हणालो. तेव्हा वाटलं, आज नाही, पण सांगू. आईचं रडणं जरा कमी झाल्यावर. श्राद्ध झाल्यावर. परीक्षा झाल्यावर.

नलिनीने निगेटिव्ह उचलली. “मग तोंड यातलं घेते आणि तुझ्या मानेवर बसवते. वर्गाचा फोटो भाऊंपुढं ठेवते. त्यांना काय, डोळे उघडून दिले म्हणून खूश होतील.”

त्यानंतर मी रोज गेलो. एकूण आठ दिवस. आमचं प्रेम, त्याला तेच म्हणायचं असेल तर, एवढंच. तिने मला पेन्सिल कशी धरायची ते दाखवलं, दाखवताना हात धरला आणि सोडायला विसरली. आम्ही दोघं वाकून दादाच्या कपाळावरची एक पुटकुळी भरत होतो. तिच्या वेणीला शिकेकाईचा वास होता. माझ्या मनात आलं, हे असंच चालू दे. मग आलं, हे चालू आहे ते कशामुळे.

सहाव्या दिवशी घरी येताना मी शीळ घालत आलो. माझं मलाच कळलं नाही. दारात आई तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले, तशी शीळ थांबली.

“कुठनं आलास?”

“कॉलेजातनं.”

“बरं,” आई म्हणाली. सुपातला एक खडा काढून तिने बाजूला ठेवला. “मला एक सांग श्रीपाद. तो तिकडं कशाला गेला होता रे?”

आई दत्ताची भक्त. थोरला दिगंबर, धाकटा श्रीपाद, ही नावं तिनेच ठेवलेली. रोज संध्याकाळी आरतीनंतरच्या जपात आमची दोघांची नावं एकामागून एक येत. लहानपणी आपापलं नाव आलं की आम्ही एकमेकांना कोपर मारत असू. दादा गेल्यावर ती तो जप मनातल्या मनात करू लागली. त्या संध्याकाळी मी तिच्या ओठांकडे बघत बसलो होतो. कुठल्या नावाला ओठ थांबतात ते मला बघायचं होतं. थांबले नाहीत. मला उत्तर द्यायचं होतं. ओठ हलत होते तोवर बोलता येत नव्हतं, आणि थांबल्यावर ती ताटं घ्यायला उठली.

आठव्या दिवशी नलिनीने मला तयार फोटो दाखवला. निळ्या चौकटीचा शर्ट, माझे खांदे, माझी मान, वर दादा. सांधा कुठेही दिसत नव्हता. डोळे उघडे होते आणि तो थेट माझ्याकडे बघत होता. मी काचेबाहेरून बघत असे तसा नव्हे, काचेच्या आतून.

“सगळं पुसलं,” ती म्हणाली. “एवढं ठेवलंय.” हनुवटीवर डावीकडे तांदळाएवढी रेघ होती. “पुसून बघितली होती. मग तो कुणी तरी दुसराच वाटायला लागला.”

“छान आहे,” मी म्हणालो. त्या क्षणी मला त्या रेघेत काही दिसलं नाही. पुढे हुशार विद्यार्थी म्हणून माझा सत्कार झाला, म्हणून नोंदवून ठेवतो.

“आता तू येऊ नको,” नलिनी म्हणाली.

“का?”

“तू यायच्या वेळेला मी दाराकडं बघत बसते. आणि दारातनं मला कोपरा दिसतो.”

मी म्हणालो, “बरं.” स्टोव्हच्या पिनांच्या वेळी म्हणालो होतो तसंच.

दुसऱ्या दिवशी झेंडे स्वतः फोटो घेऊन घरी आले. पाहुणे जमले होते. मामा म्हणाला, “हुबेहूब. आत्ता बोलेल.” अण्णांनी बघितलं आणि ते दुकानात निघून गेले. झेंडे सगळ्यांना सांगत होते, मिटलेले डोळे उघडायला कसब लागतं. आईने फोटो मांडीवर घेतला. पदराने काच पुसली. हनुवटीपाशी धूळ असावी, तिथे तिने बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मानेकडे, आणि म्हणाली, “खिळा ठोका.”

त्या दिवसानंतर आईने तो प्रश्न कुणाला विचारला नाही.

मला वाटलं, फोटोने तिचं मन निवलं. सगळ्यांना तसंच वाटलं. आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे लक्ष जायला मला काही वर्षं लागली. आईने मला कधी काही आणायला पाठवलं नाही. दूध नाही, दळण नाही, साधी काड्यापेटी नाही. पाऊस असो, गुडघे सुजलेले असोत, ती स्वतः उठे नाहीतर शेजारच्या मुलीला हाक मारी. मी समोर पेपर वाचत बसलेला. लोक म्हणत, एकुलता एक राहिला ना, लाड आहेत. मीही तसंच धरून चाललो. लाड करून घेणं सोपं असतं, कारण विचारावं लागत नाही.

मी शिकलो, गावातल्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागलो, रीतसर पत्रिका जमवून लग्न झालं. स्टेशन रोडला मी जात नसे. स्टेशनावर जायचं तर मार्केट यार्डाला वळसा घालून जाई, त्यामुळे प्रकृती उत्तम राहिली. नलिनीला हुबळीला दिली होती. आठ वर्षांनी ती परत आली. का आली ते गावाला माहीत होतं, म्हणजे सात वेगवेगळी कारणं माहीत होती. झेंडे गेल्यावर दुकान ती चालवू लागली. हे सगळं मला ऐकून माहीत. अण्णा गेले तेव्हा त्यांचा फोटो मी मुद्दाम साताऱ्याहून करून आणला.

फोटोतला दादा अठरा वर्षांचाच राहिला. सकाळी दाढी करताना आरशात मानेपर्यंत तो आणि वर मी, असं कधी कधी दिसे. पुढे माझे केस पांढरे झाले आणि मला तो काचेवरचा म्हातारा रोजच भेटू लागला.

आई शहात्तरची होती, त्या वर्षी दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी तिने मला आत बोलावलं. मी चहाचा कप घेऊनच गेलो. ती कॉटवर बसून बटव्यात काही शोधत होती.

“मी गेले की माझी मुंडी कापून कुणाच्या पदरावर चिकटवू नका,” ती म्हणाली. “मी फोटो काढून आलेय.”

“कुठे?”

“झेंड्यांच्यात.”

“तिथवर गेलीस कशी? मला सांगायचं, मी...”

“रिक्षानं गेले.” तिने बटव्यातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. पिवळी पावती. आता पावतीपुस्तकं कोण वापरतं. “फ्रेम करून देते म्हणाली आज. जा, घेऊन ये.”

तेहतीस वर्षांत तिने मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी पावतीकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून, मी काही न ठरवता, वाक्य बाहेर पडलं.

“आज बंद असेल गं दुकान.”

आई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. निवडायचे तांदूळ बघावेत तशी.

“ते तू दिगूला सांगितलंस,” ती म्हणाली. “मला नको सांगू.”

कप माझ्या हातात होता, तो मी कुठे ठेवला आठवत नाही.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले होते मी त्या पोरीकडं. म्हटलं, सोमवारची जखम डिसेंबरच्या फोटोत कुठनं आली? ती रडायला लागली. मग सगळं सांगितलं तिनं. तुला कळू देऊ नको म्हणून मीच शपथ घातली.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबले होते.”

तिच्या मांडीवर सूप नव्हतं, ओठांवर जप नव्हता, काही नव्हतं. घरात भांडी लावल्याचा आवाज येत होता. भिंतीवरून दादा बघत होता. मी बोलायला तोंड उघडलं. तीन वेळा उघडलं असेल.

“आता राहू दे,” आई म्हणाली. तिने पावती माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून थोपटली, शाळेत जाताना थोपटायची तशी. “जा. नीट बघून जा. ट्रॉल्या सुरू झाल्यात.”

मी चालत गेलो. मार्केट यार्डाला वळसा न घालता, सरळ. कोपऱ्यावर उसाची रांग होती. पहिली ट्रॉली गेली, मी थांबलो. दुसरी गेली, तरी थांबलो. मागे आणखी काही नाही हे बघून मग रस्ता ओलांडला.

दुकान उघडं होतं.

काउंटरवर संगणक आला होता आणि बिस्किटांचा डबा होता तिथेच होता. नलिनीने चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. तिचेही केस पांढरे झाले होते. तिला तसं मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. फ्रेम कागदात बांधून तिच्या कोपरापाशी तयार होती. तिला ती नुसती पुढे सरकवता आली असती. तिने हात त्यावर ठेवला.

“पावती?” ती म्हणाली.

मी दिली.